भूमिती आणि भिंगरी

आठवीत गेलेल्या पोरींना विषय निवडावे लागत, आणि त्या निवडीत भिंगरी नावाच्या एका म्हशीचंही मत घ्यावं लागेल हे शाळेत कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. सलमाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आलं तेव्हा ती डावीकडच्या बाकावर जाऊन बसली होती.

कसबा बावड्याच्या शाळेतून सातवी पास होऊन ती कोल्हापुरातल्या या मुलींच्या हायस्कुलात नुकतीच आली होती. नवी शाळा, नव्या पोरी, एकीचं नाव धड माहीत नाही. शनिवारी शेवटच्या तासाला गणिताच्या श्यामलाबाई वर्गात आल्या. उंच, किडकिडीत, आवाज असा की खिडकीतला कावळासुद्धा गप्प बसावा.

"साधं अंकगणित आणि गृहशास्त्र घेणाऱ्यांनी उजवीकडे बसा," बाई म्हणाल्या. "बीजगणित-भूमिती घेणाऱ्यांनी डावीकडे. एकदा जिथं बसलात तिथंच मॅट्रिकपर्यंत. मधेच रडत माझ्याकडे येऊ नका."

बाक सरकले, कुजबुज झाली, आणि सगळा वर्ग उजवीकडे कलला. शिवण, स्वयंपाक, वर सोपं गणित. लग्नाच्या बाजारात याहून काय लागतं? डावीकडे मूठभर पोरी उरल्या. सलमा उठली आणि त्यांच्यात जाऊन बसली.

याला कारण होतं. बावड्यात त्यांच्या गोठ्यामागच्या रानात नवी घरं होणार होती. साखर कारखान्याच्या बाजूनं रोज एक ओव्हरसियर यायचा, खुंट्या ठोकायचा, दोऱ्या ताणायचा. सलमा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन तासन् तास बघत उभी राहायची. एकदा धीर करून तिनं विचारलं, "ह्यो कोपरा सरळच हाय, हे तुमास्नी कसं कळतंय?" तो हसला आणि म्हणाला, "भूमिती शीक, मग तुलाबी कळंल." तेव्हापासून त्या कोपऱ्यानं तिच्या डोक्यात घर केलं होतं. जगात काहीतरी असं आहे जे डोळ्यानं नाही तर नियमानं सरळ ठरतं, आणि ते शिकवणारी बाई समोर उभी आहे, हे कळल्यावर शिवणकाम कोण घेतंय!

"आता ऐका," बाई डावीकडे वळून म्हणाल्या. "दिवसा मला मोकळी खोली मिळत नाही. म्हणून तुमचा तास शाळेच्या आधी, सकाळी सातला. सोमवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत मी बघणार. सातला दार लागेल. जिचा एक खाडा होईल तिला मी स्वतः हाताला धरून गृहशास्त्रात नेऊन बसवीन."

सलमाला भिंगरी आठवली. सकाळी सातला ती गंगावेशीच्या कट्ट्यावर भिंगरीखाली बसलेली असायची.

*

कोल्हापूरकर दुधाच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. त्याला म्हैस डोळ्यांपुढं उभी पाहिजे, धार डोळ्यांपुढं पडली पाहिजे आणि लोटा तोंडाला लावला की फेस मिशीला लागला पाहिजे. घरून काढून आणलेलं दूध म्हणजे त्याच्या लेखी पाणीच. म्हणून गवळी म्हशी घेऊनच कट्ट्यावर येतात आणि गिऱ्हाइकासमोर पिळतात. सलमाचे आब्बा लालासाब हेही रोज दोन्ही वेळा बावड्याहून भिंगरीला चालवत गंगावेशीत आणायचे. दुसरी म्हैस भाकड होती. घर चालायचं ते भिंगरीवर.

आणि भिंगरी महा नखरेल. लांब वळलेल्या शिंगांची पंढरपुरी म्हैस. तिचं रेडकू गेलं तेव्हापासून ती एकाच हाताला पान्हा सोडायची. आधी तो हात सलमाच्या आईचा, रोशनबीचा होता. संधिवातानं रोशनबीची बोटं आखडली, तेव्हा तिनं सलमाला आपलं लुगडं गुंडाळून भिंगरीखाली बसवलं. दोन-तीन दिवस म्हैस फसली. नंतर फसवायची गरजच उरली नाही, ती सलमाचीच होऊन गेली. आता सलमा डोक्यावर आपली पिवळी ओढणी घेऊन कट्ट्यावर बसली, पुढ्यात सरकीची पेंड पडली, की भिंगरी डोळे मिटून पान्हा सोडायची. गोठ्यात कितीही चुचकारा, थेंब देत नसे. तिलाही कट्टाच लागायचा.

शनिवारी संध्याकाळी सलमानं घरी सांगितलं. लालासाब खाटेवर बसून मिशीला पीळ देत होते. तरुणपणी गंगावेशीजवळच्या तालमीत ते कुस्त्या खेळले होते. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, पण मान आणि मिशी दोन्ही अजून तालमीतल्यासारख्याच ताठ होत्या.

"शीक की!" ते म्हणाले. "कोन नगं म्हनतंय? पर भिंगरीला कोन शिकवनार?"

"तुमी बसा की आब्बा, निदान आठवडाभर तरी."

"ती मला लाथ घालती."

"दिलदारला बोलवूया."

दिलदार म्हणजे सलमाचा थोरला भाऊ. तो इचलकरंजीत मागावर होता, आणि पाळी सोडून आला तर मालक परत उभा करणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. शेजारणी त्या वेळी आपापल्या गोठ्यात. पण पोरीचं तोंड बघून लालासाब शेवटी म्हणाले, "बरं. सोमवारी म्या बसतो. बघू काय करती ती अवदसा."

*

सोमवारी सलमा सातच्या आत वर्गात होती. बाईंनी फळ्यावर बिंदू काढला, रेषा काढली, कोन काढला. सलमा जीव डोळ्यांत आणून बघत होती, पण कान मात्र गंगावेशीकडे होते. आत्ता आब्बा बसले असतील. आत्ता कासेला पाणी लावलं असेल. आत्ता...

शाळा सुटून घरी गेली तर लालासाब मांडीला हळद लावून बसले होते.

"चरवी उडाली," रोशनबी हळूच म्हणाली. "दूध चढवलं तिनं, थेंब सोडला नाही. सगळ्या कट्ट्यावर हसं झालं."

"हसं झालं न्हवं!" लालासाब कडाडले. "वस्ताद हुबं हुतं तिथं. म्हनलं, लालासाब, तुला म्हशीनं आसमान दाखवलं की रं!"

वस्ताद म्हणजे तात्या. लालासाबांना लाल मातीत वाढवलेला म्हातारा. व्यायाम झाला की तो तालमीतली पोरं घेऊन लोट्यानिशी कट्ट्यावर यायचा, आणि बऱ्याच वर्षांत त्यानं भिंगरीशिवाय दुसऱ्या म्हशीचं दूध तोंडाला लावलं नव्हतं. सकाळची सगळी विक्री तात्याच्या तालमीवर होती.

भिंगरीची कास तट्ट झाली होती. संध्याकाळी कट्ट्यावर सलमानं हात लावला तर म्हैस कळवळली. धार काढता काढता सलमालाच रडू येत होतं. मुकं जनावर, त्याला काय माहीत बीजगणित!

रात्रीच्या भाकरी थापता थापता रोशनबी म्हणाली, "एक करता येईल. सलमाला मी माझं लुगडं नेसवलं होतं तसं. तिची ती वढनी तुमी डोक्यावर घ्या अन् बसा. भिंगरी वासाला भुलती."

लालासाबांनी पाण्याचा तांब्या असा आपटला की घरातलं मांजर बाहेर पळालं.

"वढनी? म्या? गंगावेशीत, समद्या तालमीफुडं? लाज वाटती का काय बोलताना? मिशी काढून ठिवतो की मग चुलीत!"

रोशनबीनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसापुरता तो विषय संपला.

*

मग सलमानंच वाट काढली. मंगळवारपासून ती आणि आब्बा म्हैस घेऊन लवकर निघाले. गंगावेशीत अजून कुणी नसायचं. ती भिंगरीला पिळायची आणि ओढणी सावरत धावत सुटायची. पापाची तिकटी, महाद्वार रोड, देवळाला वळसा, की शाळा. दाराच्या कडीवर बाईंचा हात असायचा तेव्हा ती आत शिरायची.

"थांब," पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या. "ती ओढणी बाहेर ठेवून ये. वर्गात गोठ्याचा वास येतोय."

मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. सलमानं मान खाली घालून ओढणी बाहेरच्या खिडकीच्या गजाला अडकवली आणि आत येऊन बसली. तिला वाईट वाटलं, नाही कसं? पण फळ्यावर तेव्हा दोन कोनांची बेरीज चालली होती, आणि ती चुकवण्याइतकं वाईट काही वाटलं नाही. पुढचे दिवस बाईंनी सांगायची वाट न बघता ती ओढणी गजाला लावून यायची.

इकडे कट्ट्यावर दुसरंच रामायण. लवकर काढलेलं दूध चरवीत बसायचं. तात्या पोरांना घेऊन यायचा, चरवीत डोकावायचा आणि नाक मुरडायचा.

"काढून ठेवल्यालं दूध म्या पीत न्हाय. तुलाबी ठावं हाय."

"आत्ताच काढलंय, तात्या. अजून कोमट हाय."

"म्या बघितलं न्हाय न्हवं?"

आणि तालीम पलीकडं बाळासो गवळ्याच्या म्हशीकडं वळायची. दोन दिवस लालासाब भरली चरवी घेऊन बावड्याला परत आले. गुरुवारी तात्या जाताना सांगून गेला, "शनिवारपातूर बघतो. न्हायतर बाळासोकडंच रतीब लावतो. राग मानू नगंस."

हे सलमानं घरी ऐकलं. शुक्रवारी ती तात्याची वाट बघत भिंगरीशेजारी थांबली. तालीम आली, धार पडली, लोटे भरले, आब्बांच्या कपाळावरची आठी गेली. मग ती पळाली. ऊर फुटेस्तोवर पळाली. शाळेत पोचली तर दार लागलेलं.

तिनं दार वाजवलं. आत बाईंचा आवाज थांबला. दार उघडलं.

"बाई, म्हशीची धार..."

"मला म्हशीचं सांगू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. "तू हुशार आहेस, म्हणून आज एकदाच आत घेते. उद्या शनिवार. उद्या मी लंब काढायला शिकवणार आहे, काटकोन कसा साधायचा ते. उद्या दार लागल्यावर आलीस तर सरळ गृहशास्त्राच्या वर्गात जाऊन बस. त्या बाईंना मी सांगून ठेवलंय."

काटकोन. म्हणजे तोच कोपरा. सलमाला बाकावर बसल्यावर हसावं की रडावं कळेना.

*

शुक्रवारी संध्याकाळी लालासाबांनी निकाल देऊन टाकला.

"उद्या तू तात्या येस्तोवर कट्ट्यावर बसायचं. शिवन शीक, सैपाक शीक, तेबी इद्याच हाय."

आजवर सलमा आब्बांना उलट बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मग शाळंत घातलंसा कशाला? बावड्यातच ठेवायचं. भिंगरीला दावं तसंच मलाबी बांधायचं हुतं एक!"

रोशनबीचा हात भाकरीवरच थांबला. आता थोबाडीत बसणार, असं सलमाला वाटलं, आणि बसली असती तर बरं झालं असतं. लालासाब ताट सारून उठले आणि भिंगरीजवळ जाऊन उभे राहिले. म्हशीला काही बोलत होते की नुसतेच उभे होते, कुणास ठाऊक. सलमानं दप्तर भरलं, मग उघडून भूमितीची वही काढून ठेवली, मग पुन्हा आत घातली.

सकाळी बापलेक निघाले. पुढं भिंगरी, मागं सलमा, तिच्यामागं लंगडत लालासाब. आज घाई नव्हती. घाई करून उपयोगच नव्हता. सलमानं दप्तर खांद्याला लावलं होतं ते केवळ सवयीनं. मनातून तिनं गृहशास्त्रातल्या बाकावर जागासुद्धा धरली होती, खिडकीजवळची.

कट्ट्यावर पोचले. पेंड पुढं टाकली. गवळी आले, म्हशी आल्या, रस्ता माणसांनी भरला. तालमीकडून तात्या येताना दिसला, मागं पोरांचा तांडा, अंगावर अजून लाल माती, हातात लोटे. सलमानं कासेला पाणी लावलं आणि उकिडवी बसली. आता ही धार संपेपर्यंत दार लागणार. तिचे डोळे भरून आले; तिनं ओढणीचा पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात ती ओढणी डोक्यावरून सरकली.

तिनं वर बघितलं. लालासाबांच्या हातात तिची पिवळी ओढणी होती. चेहरा लालबुंद. त्यांनी आजूबाजूला कुणाकडेही न बघता ती डोक्यावर घेतली, दोन्ही पदर गळ्याखाली ओढले आणि म्हणाले, "ऊठ."

"आब्बा..."

"ऊठ म्हनतो न्हवं!"

सलमा बाजूला झाली. लालासाब गुडघा धरत खाली बसले. एवढा दांडगा गडी, झुपकेदार मिशी, आणि वर पिवळी फुलाफुलांची ओढणी. कट्ट्यावरच्या माना वळल्या. मग कुठूनतरी एक जण फिसकन हसला, दुसरा हसला, आणि पोरांच्या तांड्यातून शिट्टी आली.

"आरं बघा रं! लालासाब पैलवान नवरी झाला!"

लालासाबांचे कान पेटले होते. पण हात कासेवर ठेवलेला हलला नाही. भिंगरीनं पेंडीतून तोंड काढलं आणि मान वळवली. लांब शिंग लालासाबांच्या खांद्याला घासून गेलं. तिनं एक पाय उचलला. सलमानं डोळे मिटून घेतले. आता चरवी उडणार, आणि आज नुसती चरवी उडणार नव्हती, आब्बांची राहिलेली सगळी इज्जत गंगावेशीत सांडणार होती, तीही तिच्यापायी. नको शिकायला. नको तो काटकोन. तिनं तोंड उघडलं, उठा म्हणून सांगायला.

भिंगरीनं ओढणी हुंगली. एकदा, दोनदा. नाकातून लांब श्वास सोडला. उचललेला पाय खाली ठेवला आणि तोंड पुन्हा पेंडीत घातलं.

चरवीत धार वाजली. पहिली बारीक, मग जाड, मग सरळ.

हसणं थांबलं नव्हतं. शिट्टी मारणारा पोरगा आता तोंडानं सनई वाजवत होता. तात्या पुढं आला. लालासाबांनी मान वर केली नाही. वस्तादानं एकवार शिष्याच्या डोक्यावरची ओढणी बघितली, एकवार दप्तर लावून उभ्या असलेल्या सलमाकडं बघितलं, आणि मागं वळून गरजला, "दात काय काढताय? लोटं धरा फुडं!"

लोटे पुढं आले.

"तू अजून हितंच?" लालासाब खालूनच ओरडले. "पळ की गं!"

सलमा पळाली. कधी नव्हे ती उघड्या डोक्यानं पळाली. पापाच्या तिकटीला एक सायकलवाला तिला चुकवताना शिव्या देऊन गेला, महाद्वार रोडवर दुकानांच्या फळ्या निघत होत्या, तिला काही दिसत नव्हतं. शाळेच्या पायऱ्या तिनं कशा चढल्या देव जाणे. दार अर्धं लागलं होतं. कडीवर बाईंचा हात होता.

बाईंनी तिला आपादमस्तक बघितलं. छाती वरखाली होतेय, वेणी सुटलीय, हाताला दुधाचा आणि शेणाचा वास. मग खिडकीच्या रिकाम्या गजाकडे त्यांची नजर गेली.

"आज ओढणी कुठं ठेवलीस?"

सलमाला धाप आवरेना. हसू की रडू ते तिचं तिलाच कळत नव्हतं. दोन्ही एकदमच येत होतं.

"आब्बांच्या डोक्यावर हाय, बाई. कट्ट्यावर. भिंगरीखाली ते बसल्यात... म्हणून मी आले."

मागच्या बाकावरून कुणीतरी खिदळलं. बाईंनी नुसतं त्या बाजूला बघितलं आणि वर्ग चिडीचूप झाला. मग त्यांनी कडीवरचा हात काढला, दार पुरतं उघडलं आणि बाजूला सरल्या.

"आत ये," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारपासून ओढणी बाहेर ठेवायची गरज नाही."

सलमा डावीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिनं वही उघडली. बाईंनी फळ्यावर एक आडवी रेषा ओढली आणि कंपास हातात घेतला.